मोरीला हात लावायचा नाही म्हणे!

एखाद्या सुशिक्षित मराठी घरात सहज सांगून बघा, की सध्या मी घराच्या भिंती स्वतःच रंगवतोय. कौतुक होतं. गच्चीवर भाजी लावली म्हणा, लगेच फोटो मागतात. बुकशेल्फ बनवलं म्हणा, "वा, हात चांगला आहे हो तुझा!" आता सांगा, की बेडरूमला लागून असलेलं जुनंपुराणं बाथरूम मी स्वतः फोडून, स्वतः टाइल्स बसवून नवं करतोय. क्षणभर सगळे गप्प. मग कुणीतरी विचारतंच, "कां बाप्पा? नागपुरात माणसं मिळत नाहीत का?"

गेले तीन महिने मी हा प्रश्न ऐकतोय. मावशीने विचारला, काकांनी विचारला, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर दोनदा विचारला. पुण्याच्या चुलतभावाने फोनवर हसून घेतलं आणि मग विचारला. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लांबेल थोडं, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं सरळ आहे. रंगकाम चालतं, सुतारकाम चालतं आणि मोरी चालत नाही, याचं खरं कारण जात आहे. पैसे, वेळ, कौशल्य ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. जिथे घाण पाणी वाहतं तिथे 'आपण' हात घालायचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी ते आपल्या हातांना पक्कं माहीत असतं. आणि म्हणूनच ज्याची तब्येत धडधाकट आहे, त्याने हे काम आयुष्यात एकदा तरी आपल्या हाताने करावं असं मला ठामपणे वाटतं. राग आला तरी चालेल, पण पूर्ण वाचा!

आधी शब्दांचीच गंमत बघा. 'मास्टर बेडरूम'ला लागून ते 'मास्टर बाथरूम'. अमेरिकेत या 'मास्टर' शब्दाला मालक-गुलामाचा वास येतो म्हणून २०२० साली ह्यूस्टनच्या रिअल इस्टेटवाल्यांच्या संघटनेने तो आपल्या जाहिरातींतून काढला आणि 'प्रायमरी' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे शब्द बदलायची गरज कुणाला वाटली नाही, कारण मालक कोण आणि बाथरूम घासणारं कोण याबद्दल आपल्या मनात काही गोंधळच नाही. कित्येक घरांत स्वयंपाकाला एक बाई, भांड्यांना दुसरी आणि संडास-बाथरूम धुवायला तिसरीच कुणीतरी असते. ती तिसरी मागच्या दाराने येत नाही इतकाच काय तो बदल झाला. पूर्वी ते मागचं दारही होतं. टोपलीचे संडास असत तेव्हा मैला उचलणाऱ्याला घरात पाऊल टाकावं लागू नये म्हणून घरांच्या मागे वेगळी बोळ ठेवलेली असे. घर बांधतानाच माणसाला टाळायची सोय नकाशात केलेली! आज बोळ गेली, पाइप आले. टाळायची सवय मात्र तशीच आहे.

आता मुद्द्यांकडे वळतो. नातेवाइकांचे आणि मित्रमंडळींचे मिळून आक्षेप तीन.

पहिला आक्षेप : "हे तज्ज्ञांचं काम आहे, तुला काय कळतं त्यातलं?"

बरोबर, सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. पण खरं सांगा, ज्याला तुम्ही अख्खं बाथरूम ठेक्याने देता त्याला काय विचारता? टाइल्सचा रंग आणि नळाची कंपनी. फरशीखाली काय आहे ते विचारलंय कधी? आमची स्कीम ऐंशीच्या दशकातली. तेव्हाच्या बहुतेक फ्लॅटमध्ये असतं तसंच आमच्याकडेही. भिंतींना सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स, खाली मोझॅक, जीआयचे गंजलेले पाइप, डोक्यावर संडासची मोठी टाकी. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरतात, मग फरशी. म्हणजे तुम्ही रोज ज्यावर उभं राहून आंघोळ करता त्याच्या खाली एक अख्खा पेटारा आहे, आणि खालच्या घराचं छत गळतं ते बहुधा या पेटाऱ्यामुळे. हे ज्ञान काही गुप्त नाही. मिस्त्रीला ते येतं, कारण त्याने ते बघितलंय. आपल्याला येत नाही, कारण आपण काम सुरू झालं की दार लावून ऑफिसला जातो.

आणि एक शब्द सांगतो, मला फार आवडला. फरशीतल्या ज्या जाळीतून पाणी जातं, तिच्या खाली वाटीसारखा वळसा असतो. त्याला भारतातल्या इंग्रजी इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी! मराठी माणसाने तंत्रज्ञानाला दिलेला शब्द म्हणून मिरवायला हवा, तर आपल्याला ती वस्तूच माहीत नाही. त्या वळशात साधारण दोन इंच पाणी कायम साचून राहतं. गटारातला वास आणि झुरळं वर येऊ न देणारा पडदा म्हणजे तेवढं पाणी. मे महिन्यात नागपूरला कुलूप लावून महिनाभर बाहेर जाऊन या, परत आल्यावर घरात गटाराचा वास येतो की नाही? लोक म्हणतात घर बंद होतं म्हणून. अहो, उन्हाळ्यात ते दोन इंच पाणी वाळून गेलेलं असतं. आल्या आल्या मोरीत तांब्याभर पाणी ओता, संपलं. एवढी साधी गोष्ट अर्धं आयुष्य या घरात काढून मला माहीत नव्हती, कारण ती जाळी उचलून बघणं 'आपलं काम' नव्हतं.

मग काय काय शिकता येतं? फोडायच्या आधी पाण्याचे कॉक आणि विजेचा मेन बंद करायचा. ट्रॅपच्या तोंडात चिंध्या कोंबून वर प्लास्टिक बांधायचं, म्हणजे मलबा आत जात नाही. फोडताना पाणी शिंपडत राहायचं आणि मास्क लावायचा, कारण सिमेंट-टाइल्सची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. भिंत ओळंब्याने तपासायची. लेव्हल घ्यायला पारदर्शक नळीत पाणी भरायचं. दोन टोकांचं पाणी एका पातळीत येतंच, त्याला बॅटरी लागत नाही. फरशीचा उतार जाळीकडे, पाच फुटांना अर्धा ते पाऊण इंच. त्याहून कमी दिला तर पाणी साचतं, फार दिला तर म्हातारं माणूस घसरतं. वॉटरप्रूफिंग झालं की तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. ते कोरडं राहिलं तरच पुढे. टाइल्समध्ये दोन मिलिमीटरचे स्पेसर. फरशीला चकचकीत टाइल घ्यायची नाही, खरबरीत घ्यायची. शोरूममध्ये आरशासारखी दिसणारी फरशी ओल्या पायाखाली काय करते हे घरातल्या आजींना विचारा. हे सगळं शिकायला मला सात रविवार आणि अधल्यामधल्या संध्याकाळी लागल्या. कुठेही जादू नाही.

हां, दोन-तीन गोष्टी मी केल्या नाहीत आणि कुणीही करू नयेत. बीम, कॉलम, स्लॅबला छन्नी लावायची नाही. गीझरची वायरिंग, अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. ओला हात आणि वीज यांच्यात हौस नको. आणि पूर्ण इमारतीचा जो उभा मोठा पाइप असतो त्याला एकट्याने हात लावायचा नाही, तो सगळ्यांचा आहे. तज्ज्ञांना मान द्यायचा तर इथे द्या. झाडूने मलबा भरायला तज्ज्ञ कशाला हवा?

दुसरा आक्षेप जरा भावनिक : "गरिबाच्या पोटावर पाय देतोस!"

हा मुद्दा करणाऱ्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. भाजीवालीशी दोन रुपयांवरून घासाघीस करताना हा कळवळा कुठे जातो कोण जाणे. असो. पण उत्तर देतो. मी मिस्त्री लावला होता. खालच्या थराच्या वॉटरप्रूफिंगला आणि फरशीच्या उताराला, चार दिवस. ठेकेदार मध्ये नव्हता, रोजी थेट त्याच्या हातात. फरक एवढाच, की त्या चार दिवसांत बिगारी मी होतो. घमेली भरली, माल कालवला, पाणी आणलं, शिव्या नाही पण टोमणे खाल्ले. "साहेब, माल पातळ झाला जी, भिंतीवर टिकन का हा?" असं तो म्हणायचा आणि मी पुन्हा कालवायचो. त्याच्या कामाची किंमत मला तेव्हा कळली. आता कुणी "टाइल बसवायचे इतके पैसे?" असं म्हणालं की मी भांडतो.

आणि पोटावर पायाचा विषय निघालाच आहे तर मला एका गोष्टीचं उत्तर द्या. तुमच्या घरी बाथरूमचं काम दहा-पंधरा दिवस चाललं होतं. मिस्त्री होता, त्याच्याबरोबर विटा-रेती डोक्यावर वाहणारी बाई होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. ती बाई लघवीला कुठे जात होती?

विचार करा जरा. तुमच्या घरात दुसरं टॉयलेट होतं. तिला ते दाखवलं होतं? बहुतेक घरांत उत्तर 'नाही' असतं आणि पुढे पुस्ती असते, "त्यांनी विचारलंच नाही!" ती कशी विचारेल? जिच्या हाताने आपला संडास बांधला जातो तिला तो वापरता येत नाही. चहाचा कप वेगळा, तो खिडकीत पालथा. हे मी कुठल्या खेड्यातलं सांगत नाहीये. धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर, कुठल्याही चांगल्या वस्तीत जाऊन चालू काम बघा. मिस्त्रीच्या पोटाची काळजी करणाऱ्यांनी त्याच्या मूत्राशयाचीही थोडी करावी, एवढंच म्हणतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात शहाणा, आणि तो माझ्या एका जुन्या मित्राचा : "तू एक बाथरूम फोडून जात मोडणार का? ही गांधीवादी हौस झाली."

याला थोडं मागे जाऊन उत्तर द्यावं लागेल. आपण विदर्भात राहतो, आणि या विषयावर विदर्भाइतका वारसा कुणाकडे नसेल. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, २००० साली स्वच्छता अभियानाला नाव दिलं आणि खराटा फोटोपुरता हातात धरला. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. आश्रमात संडास सफाई आश्रमवासीयांनीच करायची, मग ते कुणीही असोत. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रतिनिधींच्या संडासांची दुर्दशा पाहून गांधींनी स्वतः झाडू मागून घेतला होता, हे तर आत्मचरित्रातच आहे.

पण मला त्याहून जास्त आठवतात ते कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी मागणी केली, की मला भंगीकाम करू द्या. तुरुंगात तेही काम जातीवर वाटलेलं होतं. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही म्हणून परवानगी नाकारली! त्यासाठी त्यांनी अन्नत्याग केला आणि डिसेंबरमध्ये येरवड्याहून गांधींनीही त्यांना पाठिंबा म्हणून उपास केला. मंडळी, जरा थांबून बघा. एका माणसाला संडास साफ करायचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहावं लागलं. "माणसं मिळत नाहीत का?" हा मावशीचा प्रश्न आणि तुरुंग खात्याचा नियम यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

आता मित्राचं म्हणणं. तो म्हणतो तसा आक्षेप बाबासाहेबांनी फार आधी आणि फार नेमका घेतला होता. 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी, ज्यांच्या माथी हे काम जन्माने मारलं त्यांनाच हे काम थोर आहे असं सांगण्यावर कोरडे ओढलेत. आणि ते शंभर टक्के बरोबर आहेत. दीक्षाभूमीच्या शहरात राहून हे विसरणं शोभत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जो ते करतोय त्याला "किती पवित्र सेवा!" म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. त्याला त्या कामातून बाहेर पडायचा रस्ता हवा.

पण म्हणूनच माझं बोट आपल्याकडे आहे. हे काम थोर आहे असं मी म्हणतच नाही. हे काम आपलं आहे, एवढंच म्हणतो. आपली घाण, आपली मोरी, आपला पाइप. त्यात सेवा नाही, त्याग नाही. एका बाथरूमने जात मोडत नाही हे मलाही कळतं. पण ती जिथे रोज पाळली जाते ती जागा चार भिंतींची असून आपल्याच घरात आहे, तर सुरुवात लांब जाऊन कशाला करायची?

आणि हे सगळं निव्वळ मनाच्या समाधानापुरतं नाही. त्या जाळीच्या खालून आपलं पाणी कुठे जातं? नागपूरला पाणी येतं ते पेंचहून आणि कन्हानहून. वापरून झालेलं, गटारीतून भांडेवाडीच्या केंद्रापर्यंत पोचतं त्यावर प्रक्रिया होते, आणि त्यातलं बरंचसं कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. म्हणजे तुमच्या आंघोळीचं पाणी फिरून तुमच्या गीझरची वीज बनवायला मदत करतं! ही या शहराने केलेली खरंच चांगली गोष्ट आहे. जे तिथे पोचत नाही ते नाग नदीत, तिथून पुढे कन्हान, वैनगंगा, गोसीखुर्द. भंडाऱ्याकडच्या लोकांना आपली मोरी चांगली माहीत आहे, आपल्यालाच नाही.

आणि मधे कुठेतरी ते तुंबतं. कां तुंबतं? बाथरूमचं काम झालं की उरलेला सिमेंटचा राडा त्याच जाळीत धुऊन टाकतात म्हणून. सॅनिटरी पॅड, वाइप्स, केसांचे गुंते आपण फ्लश करतो म्हणून. मग चेंबर उघडायला कुणालातरी बोलावतात. तो 'कुणीतरी' जातीने कोण असतो हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला, संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली ते तीस लाख केले. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थच मरणं थांबलेली नाहीत. म्हणून म्हणतो, सिमेंटचं पाणी जाळीत ओतू नका, बादलीत बसू द्या, वरचं पाणी काढून खालचा गाळ वाळवून मलब्यात टाका. मी तसं केलं, मिस्त्री आधी हसला, मग म्हणाला, "बरोबर आहे जी, पण टाइम कोण देते?"

ज्यांना फायद्याचा हिशोब हवा त्यांच्यासाठी एवढाच. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडायची. नवी तीन किंवा सहा लिटर सोडते. घरात दिवसाला वीस वेळा वापर धरा, त्यात चार वेळा मोठा. आधी दोनशे लिटर जायचे, आता बहात्तर जातात. उन्हाळ्यात कुलरसाठी पाणी पुरवताना हे एकशे अठ्ठावीस लिटर आठवतील.

मंडळी, सगळ्यांनी छन्नी-हातोडा घ्यावा असा आग्रह नाही. ज्याला पाठीचा त्रास आहे, ज्याला वेळ नाही, त्याने जरूर माणसं लावावीत आणि चोख पैसे द्यावेत. पण दोन गोष्टी प्रत्येकाला जमतील. येत्या रविवारी मोरीची जाळी स्वतः उचला, आतला केसांचा गुंता हाताने काढा आणि तो वळसा नीट बघून घ्या. मुलांनाही दाखवा. आणि घरी कुणीही काम करायला आलं, मिस्त्री असो, बिगारी बाई असो की चेंबर उघडायला आलेला माणूस, तर पहिल्या दिवशी, पाणी विचारतानाच, त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा : "टॉयलेट तिकडे आहे, लागलं तर वापरा."